पाच अंशांचं खोटं

मिस गेल्याची बातमी मला त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीच दिली, मस्कतला फोन करून. "डिमेलो मिस गेल्या रे, झोपेतच..." आणि मी खाली बसायच्या आत, "तू बनवलेलं ते उन्हाचं घड्याळ आहे ना बागेत, त्यावरचं माझं नाव काढून त्यांचं टाकतो. श्रद्धांजली म्हणून." दीड महिना झाला त्याला. रडू अजून नीट आलेलं नाही. राग मात्र रोज येतो.

मी आठवीत शाळा सोडलेली. शहाडच्या एका दुकानात ग्रिल, गेट वेल्डिंग करायचो. मिस मूळच्या ठाण्याच्या, ख्रिश्चन, डोंबिवलीत गणित शिकवून रिटायर झालेल्या. बागेसाठी सूर्यघड्याळाचं ड्रॉइंग घेऊन आल्या. स्टीलचं गोल ताट, मधल्या भोकातून वर आलेली तिरपी सळई. मी म्हटलं, "मिस, सरळ उभी करू ना, मजबूत राहील." तर म्हणाल्या, "अरे बाबा, सरळ सळईची सावली ऋतू बदलला की त्याच वेळेला भलतीकडे जाते. ध्रुवतारा डोंबिवलीतून एकोणीस अंशांवर दिसतो, सळईनं त्याच्याकडेच बघायचं. मग सूर्य बारा महिने तिच्याभोवती सारखाच फिरतो." तासांच्या रेघा मी पंधरा-पंधरा अंशांवर मारायला निघालो, तर हातातला खडूच काढून घेतला. "सूर्य सारखा चालतो रे, पण सावली पडते आडव्या ताटावर!" बारा आणि एकच्या मध्ये जेमतेम पाच अंश, पाच आणि सहाच्या मध्ये चाळीसच्या आसपास. साइन, टॅन हे शब्द मी तिथे, ग्राइंडरच्या आवाजात शिकलो. त्या ड्रॉइंग वाचण्यावरच आज इथे फिटर म्हणून पोट भरतोय.

उद्घाटनाच्या सकाळी सेक्रेटरींनी मनगट पुढे केलं. "मिस, दहा वाजलेत, तुमचं घड्याळ नऊ वीस दाखवतंय. झोपलं काय?" कमिटीतले हसले. मिस शांतपणे सांगत होत्या, की आपली घड्याळं मिर्झापूरकडच्या सूर्यावर लावलेली, आपल्याकडे तो चाळीसेक मिनिटं उशिरा येतो, तसा फलकही त्यांनी दिलाय... तो फलक "शोभत नाही" म्हणून सेक्रेटरींनीच लावू दिला नव्हता. पाहुणे यायच्या आत माळ्याकडून बोल्ट सैल करून ताट पाचेक अंश फिरवून घेतलं. सावली बरोबर दहावर! टाळ्या. खाली संगमरवरावर 'संकल्पना', आणि पुढे यांचं नाव.

पण रेघांमधली अंतरं सारखी नाहीत, त्यामुळे तेव्हापासून ते घड्याळ दुपारी पुढे पळतं, संध्याकाळी मागे राहतं. शाळेची मुलं मोबाइल समोर धरून चुका काढतात आणि खालचं नाव मोठ्यानं वाचतात. म्हणून आता ही श्रद्धांजली. मी तेव्हाच ताट परत फिरवायला पाना घेऊन गेलेलो, पण मिसनी जिन्यातच अडवलं. इतकं गोड हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "हात लावायचा नाही हं. नाव कोणाचं आहे खाली? ऊन रोज पडतंय. रोज पचका होऊ दे त्याचा."

परवा मी सेक्रेटरींना फोन केला. मोठ्या माणसांशी बोलताना मला अजून घाम फुटतो. म्हटलं, "साहेब, आधी ताट जागेवर आणा, फलक लावा, मग मिसचं नाव."

"परत चाळीस मिनिटं मागे? अरे, लोक मिसनाच हसतील. मेलेल्या माणसासाठी कसला हट्ट?"

"मग तुमचंच नाव राहू द्या," मी म्हणालो. "तिथे तेच शोभतं."

बागेजवळ राहणाऱ्यांनो, त्या फिरवलेल्या ताटाखाली कधी मिसचं नाव दिसलंच, तर पेपरात छापलेल्या या मजकुराचं कात्रण शेजारी चिकटवा. एवढं कराच.

नमुन्याचं वीतभर ताट मिसनी मला निघताना दिलेलं. मस्कतला ध्रुवतारा आणखी वर दिसतो, म्हणून मी नवीन बनवायला घेतलं, तर फोनवर म्हणाल्या, "कशाला? उत्तरेच्या बाजूनं खाली पाचर घाल. जगात कुठेही ने, सळईनं एकाच दिशेला बघायचं." ती लाकडी पाचर गॅलरीत आहे. सुट्टीच्या दिवशी सावली बाराच्या रेघेवर येते, तेव्हा डोंबिवलीत सूर्य कलून तासभर झालेला असतो, आणि त्या संगमरवरावर ऊन असतं. मी चहा घेऊन बघत बसतो... पडू दे, भरपूर पडू दे.