न खेळता मिळालेली जागा

काल गुलमंडीवरच्या दुकानात चामड्याचा फुटबॉल हातात घेतला आणि त्या वासानं मी थेट चिकलठाण्याच्या कारखान्यामागच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कारखान्याच्या संघात गोलकीपरची एकच जागा होती, आणि तिच्यासोबत कायमची नोकरी. चाचणीला दोघंच, मी आणि मिलिंद. तो आलाच नाही. साहेबांनी माझं नाव लिहिलं.

आमचे म्हातारे फिटर रशीदचाचा हसले. "मुबारक हो, मियाँ! पन्नास सालच्या वर्ल्ड कपला आपला देश बी असाच पात्र ठरला. गटातले बाकीचे तिन्ही देश हटले. एक म्याच खेळावी लागली नाय!"

मी थक्क झालो. अख्खा देश, बॉलला पाय न लावता थेट जगाच्या दारात! अंगावर काटा आला, आजही येतो. ते तिघं का हटले, हे मात्र मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर चाचांनी मला मिलिंदबद्दल विचारलं असतं.

आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, "वस्तीत संचारबंदी लागायलीय, उद्या निघू देणार नायत. साहेबांना सांग, परवा येतो म्हणून."

मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.