आधी कोणी बोलायचं

मावशीचा डोळा अमोनियाने गेला असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अमोनिया कसला! शेठच्या हावरेपणाने गेला, आणि मी मुकाट मान डोलावली म्हणून गेला.

आगर गावाजवळच्या शेठच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये साठेक बिनतारी सेन्सर मीच बसवले होते. थंडीचे, दरवाजांचे, जनरेटरचे, आणि थंडाव्यासाठी पाइपांतून फिरणारा अमोनिया गॅस गळला तर सांगणारे चार. एवढ्या दाटीत सगळे एकदम बोलले तर कोणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून सगळ्यांची घड्याळं जुळवायची, प्रत्येकाला पाळी द्यायची. गॅसवाल्याला मात्र कोणाचीही पाळी मोडून पुढे घुसायची मुभा. झालं, एवढंच.

शेठला ते पटेना. "अरे भाई, माल खराब झाला तर? थंडीचं पण अर्जंट कर ना. दरवाजाचं पण. बटणच तर दाबायचंय." दाबलं मी! सगळेच अर्जंट झाले. लग्नात सगळेच पहिल्या पंगतीला घुसले की कोणाच्या पानात काय पडणार?

वर बायकांना अक्कल शिकवणारा शहाणाही मीच. चिंचणीहून पेट्या भरायला येणाऱ्या त्या बायका जरा वास आला की बाहेर पळायच्या. "नाकाचं ऐकू नका, सायरन वाजला की निघा," असं मी त्यांना बजावलं होतं.

त्या दुपारी ट्रक भरायला सगळे दरवाजे सताड उघडे होते. आतली थंडी कमी झाली, थंडीचे आणि दरवाजांचे सगळे सेन्सर एकदम कोकलायला लागले. त्यातच गॅस गळायला लागला. त्या बायकांतली सगळ्यात जुनी, आमची मावशी, ओरडली, डोळे झोंबतायत म्हणून. मुकादम म्हणाला, "सायरन वाजला का? नाही ना? मग हात चालव." गॅसचा निरोप गर्दीत अडकला होता. सायरन वाजेपर्यंत पाइप फुटून फवारा तिच्या तोंडावर आला होता.

संध्याकाळी शेठने मला बाजूला घेतलं. सेन्सरला गॅस कळला ती वेळ आणि सायरन वाजला ती वेळ, नोंदीत नऊ मिनिटांचा फरक होता. "घड्याळं जुळवायचं काम तुझंच ना? मग जुळवून टाक." मेल्याला बोलताना लाजसुद्धा वाटली नाही. मी नोंदीचा कागद छापला, तडक डहाणूच्या दवाखान्यात गेलो आणि मावशीला सगळं वाचून दाखवलं. मी दाबलेलं बटणही सांगितलं.

वाटलं, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवून ती म्हणाली, "नऊ मिनिटं? सहा पेट्या भरल्या रे मी तेवढ्यात, तुझ्या सायरनची वाट बघत."