राधाबाईची गावपळणीची सुट्टी

आमच्या शेजारच्या गावात काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवाने कौल दिला की सगळा गाव, गुरं-कोंबड्यांसकट, वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो आणि देवाने सांगितल्यावरच परततो. राधाबाईची झोपडी नेहमी आमच्या परसात, फणसाखाली.

राधाबाई आमच्या गावातल्या काजूच्या कारखान्यात बिया सोलते. तिथे गावपळणीची सुट्टी पहिल्यापासून भरपगारी. यंदा मालकांनी कारभार मुलाच्या, प्रीतमच्या हाती दिला. त्याने नवा नियम केला: रजेचा अर्ज महिनाभर आधी, नाहीतर रजा बिनपगारी. आणि कौल झाला तेव्हा पळण आठवड्यावर आलेली!

राधाबाईची सासू विमलाआजी अंथरुणाला खिळलेली. पगार बुडाला तर म्हातारीची औषधं अडणार. कामावर जावं तर झोपडीत तिच्याजवळ कोण? मी बसते म्हटलं, पण आजी सुनेच्याच हातून जेवते.

राधाबाई जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, कामगार कार्यालयात विचारून आली आणि थेट प्रीतमसमोर उभी राहिली. सोबतीला मी होते.

"अर्ज आधी का नाही दिलात?" त्याने विचारलं.

"देव माका म्हयनोभर आदी सांगता काय रे?"

सोलणाऱ्या बायका खो खो हसल्या. "मगे देवाकच अर्ज करूक सांग!" त्यांच्यातली रसिका मागून ओरडली.

प्रीतमलाही हसू आलं. "पण नियम तो नियम, राधाबाई."

मग ती शुद्ध मराठीवर आली. "चालत आलेली भरपगारी सुट्टी अशी एकाएकी काढता येत नाही. बदल करायचा तर आधी आम्हाला लेखी कळवायला हवं. तक्रार केलेली नाही मी. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलावं."

प्रीतमने विचारलं, "बाबा खरंच पूर्ण पगार द्यायचे?"

"पगार देय होतो, आणि आमची झोपडी बघूक पण येय होतो तुझो बापूस."

"बरं. यंदा पूर्वीसारखंच. पुढचं सगळ्यांना विचारून ठरवू."

"ता फळ्यार लिव."

त्याने खडू घेतला आणि लिहिलं.

पळणीच्या दुसऱ्या सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला. आजीला पेज भरवता भरवता राधाबाई सवयीने उठू लागली. म्हातारीने तिचा पदर धरला.

"बस गो. भरपगारी सुट्टी आसा तुका."

राधाबाई हसली आणि पुन्हा टेकली. आजीने त्या दिवशी वाटीभर पेज जास्त घेतली.