निळ्या डोळ्यांचं गिऱ्हाईक

"भेसळ हाय याच्यात! कोण्या गोऱ्याचं रक्त हाय, नाही तं काया माणसाले निळे डोये कायले येतीन?"

तुमसरच्या राइस मिलमध्ये शेटजी आम्हा हमालांसमोर ओरडत होते. आफ्रिकेतून आलेल्या गिऱ्हाइकाला मराठी कळत नाही, हा त्यांचा समज. त्याचे डोळे असे निळे, की उडता कोंडाही हवेत थबकला होता. पण दुसऱ्याच्या आईला चाळणीत घालायचा हक्क यांना दिला कोणी? माझ्या डोक्याचा बॉयलर झाला.

तो नागपुरात शिकलेला निघाला. मुठीतले दाणे हळूहळू पोत्यात सोडत म्हणाला, "माझ्या आईचेही असेच आहेत. आमच्यातच एखादं जनुक बदललं, की डोळ्यांत रंग कमी उतरतो. त्याला गोरा लागत नाही."

शेटजी नरमले. "जाऊ द्या ना भाऊ. किती पोते भरू?"

"एकही नको."