गारठलेला थेंब

लडाखमधल्या एका उंच गावच्या दवाखान्यात मी रक्त तपासायचो. विरळ हवेत राहणाऱ्यांचं रक्त दाट, काळसर असतं. त्या सकाळी पडून बराच रक्तस्राव झालेल्या एका आजींचा रक्तगट बघत होतो. काचपट्टीवर तीन थेंब होते, एक ‘ए’ ओळखायचा, एक ‘बी’ ओळखायचा आणि ताळा म्हणून एक नुसत्या मिठाच्या पाण्यातला. ज्यात गुठळ्या होतील तो गट; इथे तिन्हींत झाल्या. मी कागदावर ‘एबी’ लिहिलं आणि दचकलो. मिठाच्या पाण्यात तर गुठळ्या व्हायलाच नकोत.

“यांना मध्ये ताप आला होता?”

“महिन्यापूर्वी, व्हायरल,” त्यांची लेक पद्मा म्हणाली. “पण बरी झाली ती.”

तापाशी लढलेल्या अँटीबॉडीज अजून अंगात होत्या, आणि गारठ्यात त्या स्वतःच्याच रक्ताला शत्रू समजत होत्या. राखण करणाऱ्यालाही थंडीत घरचं माणूस ओळखू येऊ नये?

पद्माच्या हातात लोणीचहाचा कढत पेला होता. तो खाली ठेवायला सांगून मी काचपट्टी तिच्या ऊबदार तळहातावर ठेवली. आम्ही दोघं बघत राहिलो. मिठाच्या पाण्यातला थेंब मोकळा झाला, मग ‘ए’चा. ‘बी’चा तेवढा गुठळलेलाच राहिला.

आजींना ‘बी’ गटाचं रक्त कोमट करून चढवलं. कागदावर ‘बी’च्या आधी एक खोडलेला ‘ए’ आहे.