तिसऱ्या बेसवरचे हात

आमच्या आत्याला सगळे घसरगुंडी म्हणायचे. दिवसभर लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणारी ही बाई संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानात उतरली की सुसाट पळायची आणि बेस, म्हणजे जमिनीवर ठोकलेली चौकोनी गादी, जवळ आला की बेधडक मातीवर अंग झोकून द्यायची. एक पाय दुमडलेला, दुसरा लांब, टाच थेट बेसला. मांडी सोलवटून निघायची. आजी कावायची, "लोकांच्या चादरी कडक करतेस, आणि ही मातीची पँट कुणी धुवायची?"

या खेळात पळणारीनं मागे बघायचं नसतं. चेंडू पाठीमागून येतो, तो बेसवर आपल्याआधी पोचला की आऊट; पण वळून बघितलं की वेग गेलाच. म्हणून तिसऱ्या बेसजवळ आपल्यातली एकजण उभी असते, तिचे हात बघायचे. तळवे खाली दाबले तर घसर, हात वर केले तर उभ्यानंच ये. आत्यासाठी तिथं तिची मैत्रीण असायची, लॉन्ड्रीतल्या शेजारच्या टेबलावरची. दोघींचा डबा एक, गुपितं एक.

मोठ्या संघात एकच जागा होती. आत्याला ती हवी होती, मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीलाही. निवडीच्या सामन्यात आत्या दुसऱ्या बेसवरून सुटली. मैत्रिणीचे हात वर. आत्या उभ्यानंच आली, आणि अगदी शेवटी बेसवरच्या विरुद्ध संघातल्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये चेंडू दिसला. तिनं घाईघाईनं अंग टाकलं. घसरायचं ते आधीच ठरवून घसरावं लागतं, अर्धवट घसरलं की पाय मातीत अडकतो. घोटा मोडला, आऊट झाली ते वेगळंच. जागा बहिणीला मिळाली.

"चुकलं गं माझं, उन्हानं दिसलंच नाही," म्हणून मैत्रीण ढसाढसा रडली. प्लास्टर होतं तोवर रोज यायची. सूप आणायची, आत्याचे केस धुवायची. "अगं, चुकतं माणसाचं," म्हणत आत्याच तिची समजूत काढायची! आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. केसानं गळा कापायचा, वर तेच केस धुवायला यायचं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मैत्रीण खाली मान घालून म्हणाली, "ऊन नव्हतं. चेंडू दिसत होता मला. वाटलं, एकदा बहिणीचं होऊ दे. पाय मोडेल असं नव्हतं गं वाटलं."

 आत्या म्हणाली, "तू चेंडूकडे बघत होतीस. मी तुझ्याकडे बघत होते."

ती गेल्यावर सूप मी मोरीत ओतलं.

घोटा छान जुळला, डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. आता तिसऱ्या बेसवर दुसरी मुलगी असते, साधी, सरळ. तळवे खाली दाबून घसा फोडून ओरडते, "घसर!" आत्या तिच्याकडे बघते आणि मग मान वळवून मागे बघते. दर वेळी. तोवर चेंडू तिच्याआधी पोचलेला असतो.