झिऱ्यातला चार बोटांचा बेडूक

पुण्याहून निघताना माझ्या सामानात रंगांची पेटी, बारा कोरे जाड कागद, तीन बरण्या आणि स्पिरिटची एक बाटली होती. मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चित्रं काढायच्या नोकरीवर होतो. बेडूक पावसाळ्यात ओरडतात, यापलीकडे त्यांच्याबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. तरी विभागातल्या सरांनी मलाच धाडलं, कारण स्पिरिटमध्ये पडला की बेडकाचा रंग उडतो. "जिवंत असतानाचा रंग टिपा आणि मग बरणीत टाका," ते म्हणाले. शिवाय सातपुड्यातल्या एका नाकेदाराचं (जंगल राखणारा शिपाई) पत्र आलं होतं की तिथे शेपटीवाला बेडूक आहे. सर हसले. शेपटीवाले ते सॅलमँडर, आपल्या देशात ते पार पूर्वेकडच्या हिमालयात, इकडे नाहीत. "पण बघून या. एखादी नवी जात हाती लागली तर चित्राखाली तुमचं नाव छापू." हे शेवटचं वाक्य भुसावळला गाडी बदलली तरी माझ्या डोक्यातून उतरलं नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत होतं. तापीकाठच्या एका गावात सरांच्या ओळखीचे गोविंदभाई म्हणून गुजर शेतकरी होते, त्यांच्याकडे पहिला मुक्काम झाला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर तेलाची धार असं जेवण झालं आणि मी पाणावलेल्या डोळ्यांनी केळीच्या बागेत शिरलो. तिथे डबक्यात एक हळदीसारखा पिवळाधमक बेडूक बसला होता, गालांशी निळे फुगे. शेजारी दुसरा, मातकट आणि मोठा. दोन जाती! मी दोन कागद रंगवले, त्यांना क्रमांक दिले आणि पिवळ्याला बादलीत झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आत मातकट बेडूक. मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली.

"तोच शे भाऊ," गोविंदभाई म्हणाले. "पानी पडना का नर पिवळा व्हस. दोन दिनमा रंग उतरी जास. मातकट ती मादी शे."

म्हणजे माझ्या दोन जाती हे एक जोडपं निघालं. केळीच्या खुंटाखाली खरखरीत पाठीचे भेक सापडले, तेही एक काळसर, एक तांबूस. आता यांना एक म्हणावं की दोन, काही कळेना. झाडावरच्या बेडकाने तर कहरच केला. सकाळी तपकिरी होता, माझा चहा होईपर्यंत तो ताकाच्या रंगाचा झाला. मी ब्रश धुऊन ठेवला.

नावेने तापी ओलांडून, तळोदा, अक्कलकुवा करत, लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून आणि शेवटी पायी, मी काठी गावाच्या अलीकडच्या एका पाड्यावर पोचलो. होळीला म्हणे इथे पाय ठेवायला जागा नसते. आता मात्र चिखल, मका आणि धुकं. पत्र लिहिणारे नाकेदार म्हणजे दगाआप्पा. शहाद्याकडचे, बोलणं अहिराणी. त्यांनी मोठ्या अभिमानाने मडक्यातला शेपटीवाला बेडूक दाखवला. चार पाय, वर शेपटी. मी मडकं उशाशी ठेवून झोपलो. रोज शेपटी आखूड होत गेली आणि चौथ्या दिवशी आत एक इवलासा साधा बेडूक बसलेला होता.

"आते सायेबले काय सांगवा?" आप्पा म्हणाले. मलाही तोच प्रश्न पडला होता.

त्या पाड्याचं पिण्याचं पाणी म्हणजे एक झिरा, ओढ्याकाठी दगड रचून केलेला स्वच्छ पाण्याचा खड्डा. पावसात ओढा गढूळ वाहतो, तेव्हा सगळी भिस्त याच्यावर. त्यात कपारीला एक हिरवट बेडूक डावी बाजू माझ्याकडे करून बसला होता, पाठीवर फिकट रेघ. त्याच्या मागच्या पायाला चारच बोटं होती. आतापर्यंतच्या प्रत्येकाला मी पाच रंगवली होती! तसं चित्र मी आयुष्यात दुसरं काढलं नाही. मग बेडूक पकडला आणि स्पिरिटच्या बरणीत टाकला. त्या दिवशी आमचूर घातलेली उडदाची डाळ मी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या सकाळी बायका झिऱ्यापाशी आल्या, वाकून बघितलं आणि रिकामे हंडे घेऊन परत गेल्या.

"झिरामा बेडूक नही," आप्पांनी मला सांगितलं. "बेडूक गया म्हंजे पानी बिघडनं, आसं त्या मानतस. आते टेकडीपल्याडथून पानी लयतीन."

मी बायकांना हाक मारून त्यांच्यासमोर झिऱ्यातलं ओंजळभर पाणी प्यायलो. त्यांनी टेकडीची वाट धरली. शेजारच्या झोपडीत ठुमलीआजीची सून दहा दिवसांची बाळंतीण होती, त्यामुळे पाणी आणायला आजीच गेली. दुपारी परतली तेव्हा तिचा गुडघा सोलला होता आणि हंडा अर्धाच भरलेला. बेडूक माझ्या बरणीत आहे हे मला कबूल करायला हवं होतं. खरं सांगतो, चित्राखालचं नाव मला सोडवत नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत होती. दिवसभर मी बेडूक पकडून झिऱ्यात सोडत राहिलो. एक उडी मारून गेला, दुसरा दगडांत शिरून पलीकडे निघाला, तिसऱ्याने तर पाण्याला पायही लावला नाही. टेकडीवरून हंडे येतच होते.

तिसऱ्या दिवशी मी ते चित्र सामानातून काढून आप्पांपुढे धरलं. अगदी अशाच जातीचा बेडूक कुठे मिळेल, एवढंच विचारायचं होतं. ठुमलीआजी मागे उभी होती. ती पुढे आली, कागदावरच्या पायावर बोट ठेवलं आणि पावरी बोलीत काहीतरी भराभरा बोलली.

"ती म्हनस, हाऊ तर आमनाच शे," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "दोन पावसाळा पहिले तिना हंडाखाल त्याना बोट तुटी गयथं. ती इचारस, तो कोठे शे?"

मी बरणी आणली. आजीने ती दोन्ही हातांत धरून फिरवली, तेव्हा बेडकाचा उजवा पाय माझ्यासमोर आला. त्याला पाच बोटं होती. मी चित्रकार, जी बाजू दिसली तेवढीच काढली होती. दुसरीकडे डोकावून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

मला वाटलं आजी शिव्या देईल. तिने बरणी परत दिली, फडक्याने हात पुसले आणि हंडा उचलला. मी आप्पांना म्हणालो, तिला सांगा, मी दुसरा आणून ठेवतो.

"चालस नही मास्तर," आप्पा म्हणाले. "आपला आनेल बेडूक चालस नही. त्यानी सोता येवाले पाहिजे."

उरलेले पाच दिवस मी चित्र काढलं नाही. आजीच्या मागून टेकडी चढलो आणि तिचा हंडा खांद्यावर आणला. डोक्यावर तो ठरेना, यावर पाड्यातल्या बायका पोट धरून हसल्या. झिऱ्यात एकही बेडूक आला नाही. सरांनी दिलेली मुदत संपली आणि मी निघालो.

पुण्यात सरांनी चित्रं टेबलावर पसरली. "एकूण जाती किती?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही सर. पहिल्या दोन एकच आहेत. पाचवी दिवसातून दोनदा बदलते. आणि ही..." मी चार बोटांची हकीकत सांगितली. सरांनी ऐकून घेतलं, बरणीवर एका अगदी साध्या बेडकाचं नाव लिहिलं आणि ती फळीवर ठेवली. रोज जाता-येता ती दिसायची आणि मी मान दुसरीकडे वळवायचो.

कार्तिकात दगाआप्पांचं पोस्टकार्ड आलं. बोलतात तसंच लिहिलेलं.

"झिरामा बेडूक उना. आजी सोता देखी उनी, दोन्ही बाजूथून. म्हने, मास्तरले सांगा, बोटं पुरी शेतस. हाऊ चितर काढाजोगा नही."